तास संपल्यावरही शिकवणारे अण्णासाहेब

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आम्हा वर्ध्याकडच्या लोकांना सांगावी लागत नाही. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. पण त्याच दिवशी, त्याच राज्यात एक विद्यापीठही सुरू झालं, हे मला फार उशिरा कळलं. खैरागडच्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तेव्हा वर्धा आणि खैरागड दोन्ही मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, वर्धा मुंबई राज्यात आलं. खैरागड आता छत्तीसगडमध्ये आहे.

या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत कुलगुरू होते मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, म्हणजे शिष्यांचे अण्णासाहेब. त्यांना तालीम मिळाली होती भातखंडे आणि उस्ताद फैयाज खाँ यांची. एवढ्या शिदोरीवर माणूस आयुष्यभर मैफली गाजवू शकतो. पण १९२८ मध्ये ते लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच शिकवत राहिले.

भातखंड्यांनी हे कॉलेज १९२६ मध्ये उभं केलं होतं. घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी गोळा केल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे 'ओपन सोर्स'सारखं वाटतं. उस्तादाची मर्जी किंवा घराण्यातला जन्म नसला, तरी शिकायला दार उघडं.

आक्षेप मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे: वर्गात बसून कुणी गवई होतो का?

प्रश्न रास्त आहे. नुसतं डॉक्युमेंटेशन वाचून मीही प्रोग्रॅमर झालो नाही. शेजारी बसून चूक दाखवणारा कुणीतरी सीनियर लागलाच. अण्णासाहेबांनी नेमकी हीच उणीव भरून काढली. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा के. जी. गिंडे हा मुलगा १९३६ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांच्याकडे आला आणि घरातलाच होऊन राहिला. कॉलेजात अभ्यासक्रम, घरी तालीम. नव्या पद्धतीने दार उघडलं, आणि आत आलेल्याला जुन्या गुरूसारखा वेळ मिळाला.

या शिष्यांनी पुढे काय केलं, ते पाहा. गिंडे मुंबईत वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. सुमती मुटाटकरांनी दिल्ली विद्यापीठात संगीत शिकवलं. दिनकर कायकिणींनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनात पिढ्या घडवल्या. वाईचे व्ही. जी. जोग व्हायोलिनवर जगभर पोचले. गुरूचं शिकवणंही बहुतेकांनी पुढे चालू ठेवलं.

याची किंमत अण्णासाहेबांनी मोजली. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं, 'सुजान' या मुद्रेने रचलेल्या त्यांच्या बंदिशी आजही गायल्या जातात, पण मैफलीचे गवई म्हणून त्यांचं नाव आपल्या पिढीला फारसं माहीत नाही. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले.

त्यांना ऐकायचं असेल, तर यूट्यूबवर आधी गिंड्यांचं गाणं लावा. मग तुमच्या गावातल्या संगीत क्लासवरून जाताना क्षणभर थांबा. वहीतली स्वरलिपी पाहून कुणी मुलगी यमन घोटत असेल, आणि तास संपला तरी तिचे सर उठलेले नसतील.