हिपॅटायटिस सी : चंद्रपूर व गडचिरोली

‘सी’ विषाणूमुळे (शोध १९८९) होणारा यकृताचा संसर्ग. कावीळ म्हटली की डोळे पिवळे होणे आणि झाडपाल्याचे औषध, एवढेच खेड्यापाड्यांत बहुधा समजले जाते. ‘सी’मध्ये मात्र अनेकदा डोळे पिवळे होतच नाहीत आणि यकृत वर्षानुवर्षे आतून खराब होत राहते. दूषित पाण्यातून पसरतात ते ‘ए’ आणि ‘ई’. ‘सी’ पसरतो रक्तातून. एकत्र जेवल्याने तो लागत नाही, म्हणून रुग्णाचे ताट वेगळे काढणे हा निव्वळ अन्याय होय.

या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्तपेढ्यांत ‘सी’ची चाचणी २००१ पासून सक्तीची आहे, त्याआधी रक्त घेतलेल्यांनी एकदा तपासून घ्यावेच. एकाच सुईने अनेकांचे गोंदण, बोगस डॉक्टरची पुन्हा वापरलेली सिरिंज, दाढीचे सामाईक पाते हेही धोक्याचेच.

तपासणीत ‘सी’ची प्रतिपिंडे आढळली म्हणजे संसर्ग आहेच असे नाही. बरे झाल्यावरही ती रक्तात राहतात. निर्णायक ठरते ती आरएनए चाचणी. लस नाही, पण सोफोसबुव्हिर व डॅक्लाटासव्हिर या गोळ्यांनी, साधारण १२ आठवड्यांत, बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. भामरागडसारख्या तालुक्यात खरी अडचण अंतराची: पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद. पावसाळ्याआधीच गोळ्यांची तजवीज डॉक्टरांशी बोलून करावी. चौकशी आशाताईंकडे, जिल्हा रुग्णालयात किंवा १०४ क्रमांकावर करता येते.