खोलीतल्या हवेतला पारा

डिरेक्टरीत पाहिलेला टेलिफोन नंबर टेलिफोनपर्यंत चार पावलं जाईस्तोवर विसरून जायचा. आल्फ्रेड श्टोक या नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञाची पन्नाशीच्या आतच, १९२४च्या सुमाराला, अशी अवस्था झाली होती. नावं आठवेनात, साधे हिशेब जमेनात. डोकेदुखी, चक्कर आणि चोंदलेलं नाक तर कितीतरी वर्षांपासून सोबतीला होतं. डॉक्टरांनी नाकावर उपचार केले, शस्त्रक्रियाही झाल्या. त्या नाकातून रोज कसली हवा आत जाते, याची चौकशी मात्र कोणी केली नव्हती.

ती हवा त्यांच्या प्रयोगशाळेतली होती. १८७६ साली डान्झिगमध्ये जन्मलेल्या श्टोक यांनी बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचा अभ्यास हाती घेतला होता. यांतली बरीच संयुगं हवा लागताच पेट घेतात, आणि काचेच्या तोट्यांना लावलेलं ग्रीसही त्यांच्यापुढे टिकत नाही. म्हणून त्यांनी निर्वात काचनळ्यांचं जाळं उभारलं आणि तोट्यांच्या जागी पाऱ्याच्या झडपा बसवल्या. या उपकरणाने रसायनशास्त्राचं एक नवं दालन उघडलं. पण त्या खोल्यांत पारा वर्षानुवर्षं उघडा राहिला, सांडला, जमिनीच्या फटींत जाऊन बसला.

पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. साध्या २० अंश सेल्सियसलाही बंद खोलीतली हवा दर घनमीटरला तेरा-चौदा मिलिग्रॅम पारा धरू शकते, आणि त्याच्या कितीतरी कमी वाफेतही रोज श्वास घेणं घातक ठरतं. फुप्फुसांतून ती रक्तात आणि तिथून मेंदूत पोचते. माणूस विसरभोळा होतो, चिडचिडा होतो. आपण मराठीत ‘पारा चढला’ म्हणतो ते तापमापकावरून, पण पारा भिनलेल्या माणसाचा स्वभावही खरोखरच असा बदलतो.

बर्लिनचे विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांच्या सल्ल्यामुळे अखेर रोगाचं नाव कळलं. श्टोक यांच्या सहकाऱ्यांनाही तोच त्रास होत होता. १९२६ साली श्टोक यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख प्रसिद्ध केला आणि त्यात स्वतःची लक्षणं सविस्तर लिहिली. आपली स्मरणशक्ती गेली होती, हे एका प्राध्यापकाने सहव्यावसायिकांसमोर छापून सांगायचं, याला मोठं धैर्य लागतं. त्यांच्या बोरॉनवरच्या कामाइतकाच मान या लेखाला मिळायला हवा.

पण नुसत्या इशाऱ्याने भागणार नव्हतं. हवेत पारा किती, हे मोजता यायला हवं होतं. श्टोक यांनी हवा द्रवरूप हवेने थंड केलेल्या नळीतून ओढली, म्हणजे पारा त्या नळीतच गोठून राहायचा. मग रासायनिक क्रियांनी तो वेगळा करून विजेच्या साहाय्याने तांब्याच्या तारेवर जमवायचा, तार तापवून पुन्हा उडवायचा आणि थंड होऊन तयार झालेल्या इवल्याशा गोळीचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. व्यासावरून आकारमान, आकारमानावरून वजन. मायक्रोग्रॅमहूनही कमी पारा असा हाताशी आला. ज्या काटेकोरपणाने त्यांनी पेटणारे वायू काबूत ठेवले होते, तोच आता श्वासाच्या हवेसाठी राबत होता.

उपाय त्यांनी साधेच सांगितले. जमीन गुळगुळीत आणि बिनसांध्याची असावी, खोलीत हवा खेळती राहावी, पाऱ्याचं काम कड असलेल्या ट्रेवर करावं, सांडलेला थेंबन्थेंब उचलावा. वाफ शोषून घेण्यासाठी आयोडीन चढवलेल्या कोळशाचाही त्यांनी अभ्यास केला. दातांत भरल्या जाणाऱ्या पारामिश्रित धातूवर, विशेषतः तांबं आणि पारा यांच्या मिश्रणावर, त्यांनी टीका केली तेव्हा जर्मनीतल्या दंतवैद्यांमध्ये मोठा वाद पेटला. तो वाद पुढे कधीच पुरता विझला नाही.

पारा टाळल्यावर श्टोक यांची स्मृती बरीचशी परतली, प्रकृती मात्र पूर्ण सावरली नाही. १९३६ साली त्यांनी कार्ल्सरूहमधलं अध्यापकपद सोडलं आणि १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या हलाखीत, एल्बकाठच्या आकेन गावी त्यांचं निधन झालं. त्याआधी, १९३४ साली, फ्रीडरिश कुकुएल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आपली मोजणी प्रयोगशाळेबाहेर नेली होती. निसर्गात पारा कुठे कुठे आहे हे ते तपासत होते. तो मातीत सापडला, हवेत सापडला, आणि पावसाच्या पाण्यातही सापडला.