खाडीपलीकडील दुरुस्तीविद्या
१९७० साली सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन होऊन ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जमिनी सरकारदप्तरी नव्या शहराच्या नावे चढू लागल्या आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला, तेव्हा येथे रुजलेल्या मोटारदुरुस्तीच्या धंद्याची सारी विद्या क्लच आणि हातब्रेक यांच्याभोवतीच उभी होती. पुढे २०१४ च्या सेलेरिओ या मोटारीने स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला, परंतु तिच्यात गाडी जागीच रोखणारे ‘पार्क’ हे स्थानच नव्हते. ज्या गाड्यांत ते असते, तेथे गिअरचा दांडा ‘पार्क’मध्ये जाईना म्हणून गिअरपेटीच निकामी ठरविणे मला अन्यायाचे वाटते. हातब्रेक ओढून, चाकांना अडण लावून, कुशल कारागिराने प्रथम दांड्यापासून पेटीपर्यंत जाणाऱ्या केबलचे झिजलेले बुश तपासावे, कारण ते बदलणे अल्प खर्चाचे असते. दंतचक्रात अडकून गाडी रोखणाऱ्या खिटीपर्यंत पोहोचण्यास मात्र पेटी खोलावी लागते.