दोनदा उलटून पुन्हा तेच

वाचकहो, बाजारातल्या एका पाटीपासून सुरुवात करू या. पाटीत २ किलो ज्वारी आणि ३ किलो गूळ आहे, पण ती फडक्याने झाकलेली आहे. दुकानदार म्हणतो, "तुम्ही कोणतेही दरपत्रक द्या, मी पाटीची किंमत सांगतो." आपण पहिला दर देतो : ज्वारी किलोला १ रुपया, गूळ फुकट. उत्तर येते, २ रुपये. मग उलट : ज्वारी फुकट, गूळ १ रुपया. उत्तर, ३ रुपये. झाले! फडके न उचलता माल ओळखला. पाटीवरून दरपत्रकांकडे गेलो, दरपत्रकांवरून पुन्हा पाटीकडे आलो. दोनदा उलटूनही जे जसेच्या तसे हाती येते, त्याला गणिती 'परावर्ती' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास आहे तो दरांच्या जागी साधे आकडे न राहिल्यावरचा. १९ व्या शतकात असे 'अतिसंमिश्र' अंक आले, की ज्यांत गुणाकाराचा क्रम बदलला तर उत्तर बदलते, आणि शून्य नसलेल्या दोहोंचा गुणाकारही शून्य होऊ शकतो. अशा अंकांच्या कुटुंबाला 'अल्जेब्रा' म्हणतात, आणि त्यांवर मोजल्या जाणाऱ्या मालाला 'मॉड्यूल'. इथे घोटाळा होतो. एक कोपरा शून्य असलेल्या त्रिकोणी सारण्या घ्या. त्यांच्यावर असा माल सापडतो, की कोणतेही दरपत्रक लावा, किंमत शून्यच! मग तो परत ओळखायचा कसा?

पण एक जात अशी आहे, जी कधी दगा देत नाही. ती म्हणजे 'प्रोजेक्टिव्ह' मॉड्यूल, अर्थात मोजक्या घटकांपासून बनलेले. कारण सोपे आहे. सुट्या खणांची पूर्ण पाटी परावर्ती असते. प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल म्हणजे अशा पाटीचा स्वच्छ वेगळा निघणारा वाटा. पूर्ण पाटी परत येते, तर वाटाही येणारच.

मग सगळाच माल परत येतो, असे अल्जेब्रा कोणते? त्याचे मूळ फ्रोबेनियस यांच्या १९०३ च्या कामात आहे. रिचर्ड ब्राउअर यांना १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यू म्हणून नोकरीवरून काढले. ते पुढे कॅनडात टोरांटोला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी व त्यांचे शिष्य नेसबिट यांनी या अल्जेब्रांना फ्रोबेनियसचे नाव दिले. जपानचे तादाशी नाकायामा त्या सुमारास प्रिन्स्टनला होते. १९३९ आणि १९४१ च्या दोन निबंधांत त्यांनी या अल्जेब्रांची व त्यांच्या जवळच्या 'अर्ध-फ्रोबेनियस' भावंडांची कसोटी मांडली. १९५८ मध्ये फ्रान्सचे द्यूदोने यांनी परावर्ती मॉड्यूलांचा धागा या भावंडांशी जोडला.

त्याच १९५८ साली नाकायामांनी एक प्रश्न टाकला. अल्जेब्रापासून पायरी पायरीने निघणाऱ्या एका ठरावीक साखळीचा प्रत्येक दुवा प्रोजेक्टिव्ह निघाला, तर ते अल्जेब्रा अर्ध-फ्रोबेनियस असलेच पाहिजे ना? १९६४ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते वारले. प्रश्नाचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात ती झाकलेली पाटी जरूर मांडा. आणि उत्तर सापडल्यावर मुलांना हेही सांगा, की याच वाटेवरचे एक फडके अजून कोणी उचललेले नाही.