एचएमटीच्या पोत्यावर नसलेलं नाव



गेल्या महिन्यात कोथरूडमध्ये घराजवळच्या किराणा दुकानात तांदूळ घ्यायला गेले होते. ओळीने उघडी पोती, प्रत्येकात खोचलेली पुठ्ठ्याची पाटी. आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम, एचएमटी. वजन होईपर्यंत सहज विचारलं, "काका, एचएमटी हे काय नाव आहे हो तांदळाचं?" काका म्हणाले, "घड्याळाची कंपनी होती ना, तेच नाव. का ते मला नका विचारू."

काकांचं उत्तर बरोबर होतं. हा 'का' शोधत गेलं की आपण पुण्यातून थेट चंद्रपूर जिल्ह्यात पोहोचतो, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या छोट्या गावात. (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे.) तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहायचे. पोत्यातला तो बारीक तांदूळ त्यांनी शोधला आणि वाढवला. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. म्हणूनच त्यांची गोष्ट आज सांगायची आहे. ती शेतकऱ्याची आहे, तितकीच संशोधनाचीही आहे.

दादाजी दलित कुटुंबातले. शिक्षण तिसरीपर्यंत. प्रयोगासाठी हाताशी जमीन जेमतेम दीड एकर. पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख. पावसावरची शेती, खरिपात एक पीक. १९८३ साली शेतात 'पटेल ३' हा तेव्हाचा लोकप्रिय वाण उभा होता. त्यात तीन लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढल्या आणि दाणे जपून ठेवले. पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी छोट्याशा तुकड्यात ते पेरले. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास. म्हणून त्या तुकड्याभोवती काटेरी झुडपं लावली.

आता क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, यात 'पद्धत' कुठे आहे?

धान हे स्वपरागण करणारं पीक आहे. म्हणजे एका रोपाची पुढची पिढी बहुतेक त्याच्यासारखीच निघते. अशा पिकात वेगळी लोंबी दिसते तेव्हा शक्यता मोजक्याच असतात: उत्परिवर्तन, क्वचित झालेलं परपरागण, किंवा बियाण्यात मिसळलेला दुसरा दाणा. कारण कुठलंही असो, पुढचं काम तेच. वेगळं रोप अलग लावायचं, त्याचं बी वेगळं ठेवायचं आणि पुढच्या पिढीत तो गुण टिकतो का ते बघायचं. वेगळेपणा संकरातून आला असेल, तर विषमयुग्मकता दर पिढीला निम्मी होत जाते. पाच पिढ्यांनंतर ती एक बत्तिसांश, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास उरते. हे गणित आपण एमएस्सीला फळ्यावर दहा मिनिटांत सोडवतो. एक पीक घेणाऱ्या भागात त्याच गणिताला पाच पावसाळे लागतात. आणि प्रत्येक पावसाळ्यात ते मूठभर बी इतर धानात मिसळू द्यायचं नसतं.

विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्याच्या दाण्यांवर हाच विचार मांडला. मिश्रणातून एकेक रोप निवडून वाढवलं की 'शुद्ध वंश' हाती येतो. त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. दादाजींनी योहान्सन वाचला नव्हता. पण निरीक्षण, अलगीकरण, पुनरावृत्ती आणि निवड या चारही पायऱ्या त्यांच्या कामात आहेत. दरवर्षी थोडं थोडं वाढवत १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे शेतात लावण्याइतकं बियाणं झालं. १९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बी नेऊन पेरलं आणि उत्पन्न चांगलं आलं. दाणा बारीक, भात चवीला छान. माल बाजारात गेला, पण वाणाला नाव नव्हतं. तेव्हा मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही मिरवायची गोष्ट होती. व्यापाऱ्यांनी तेच नाव या धानाला देऊन टाकलं. एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स! काकांच्या पाटीवरच्या 'का'चं उत्तर एवढंच आहे.

बियाणं मग हातोहात पसरलं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि पुढे शेजारच्या राज्यांतही. शेतकरी आपापसात बी देतात-घेतात तसंच. त्यात ना रॉयल्टी, ना करार. दादाजींबद्दल त्या भागात जे प्रेम आहे, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ज्या वाणाने इतक्या घरांत पैसा आणला, तो त्यांनी कुलूप लावून ठेवला नाही.

१९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या केंद्राने त्यांच्याकडून ५ किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने वाण प्रसारित केला: 'पीकेव्ही-एचएमटी'. त्याचं श्रेय दादाजींना मिळालं नाही. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ बियाण्यात भेसळ होती आणि त्यांनी ते शुद्ध करून एकसारखं केलं. ही बाजू हसण्यावारी नेऊ नका. शुद्धीकरण हे खरं आणि चिकाटीचं काम आहे, कृषी संशोधनात त्याला किंमत आहे. पण शुद्धीकरण हे कशाचं तरी शुद्धीकरण असतं. ते 'कशाचं' आणि 'कुणाकडून आलेलं', हा त्या प्रयोगाचाच भाग आहे.

आता नावाकडेच बघा. 'पीकेव्ही' म्हणजे विद्यापीठ. 'एचएमटी' म्हणजे घड्याळाची कंपनी. एका नावात दोन संस्था मावल्या आणि माणूस तेवढा बाहेर राहिला. दादाजींनी पुढे आणखी वाण काढले, एकूण नऊ. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा अशी त्यांची नावं. या नावांत गाव आहे. एका वाणाचं नाव मात्र डीआरके आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. ही अक्षरं पहिल्यांदा उलगडली तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर अडकून होते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा बुटका वाण आणला आणि आशियातली भातशेती बदलली. त्याचा बुटकेपणा आला 'डी-जिओ-वू-जेन' या तैवानी वाणातून. कुणीतरी शेतकऱ्यांनी तो जपला, निवडला, पेरत राहिले. वंशावळीत वाणाचं नाव आहे, त्या माणसांचं नाही. दादाजींच्या बाबतीत फरक इतकाच की ते हयात होते, त्यांचा पत्ता माहीत होता आणि नाव विचारायला नागभीडपर्यंत जाणं पुरेसं होतं.

पुढे दखल घेतली गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्सच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत ते आले. पैशांची ओढाताण मात्र सुटली नाही. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीतल्या 'सर्च'च्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

दरम्यान कायदाही झाला होता. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला 'पैदासकार' मानलं. नव्या वाणासाठी अर्ज करणाऱ्याने ग्रामीण किंवा आदिवासी कुटुंबांनी जपलेलं बियाणं वापरलं असेल, तर ते उघड करायचं असंही त्यात आहे. हा कायदा १९९८ नंतरचा, हे खरं. पण एक नाव लिहायला कायदा लागतोच असं नाही.

आता माझं सांगते, कारण इतरांकडे बोट दाखवणं सोपं असतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात 'साहित्य आणि पद्धती' या भागात मी लिहिलं होतं: 'स्थानिक वाणांचे नमुने शेतकऱ्यांकडून गोळा केले.' गाईडनी पेन्सिलीने 'शेतकऱ्यांकडून' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कोण?" मी वही उघडली. रसायनांचे बॅच नंबर होते, मशीनचं मॉडेल होतं. ज्या आजींनी घरातल्या मडक्यातून मूठभर बी काढून दिलं होतं, त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी त्या वाणाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं, कुठल्या जमिनीत येतो, कुठल्या पावसात आडवा होतो. तेही कुठेच नव्हतं. परत जावं लागलं. गेले. नाव विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव कशाला गं त्यात?"

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पाठ असायला हवं. नाव देणं ही सौजन्याची बाब आहेच, पण तो डेटाही आहे. बीज-पेढीत प्रत्येक नमुन्याबरोबर 'पासपोर्ट डेटा' ठेवतात: कुठून, कधी, कुणाकडून. यातलं 'कुणाकडून' गेलं की त्या माणसाने कशासाठी निवड केली होती हेही जातं. मग वीस वर्षांनी कुणी ते बी उगवून बघेल, पण त्याला काय विचारायचं हेच कळणार नाही.

म्हणून फील्डवर्कला निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर पाच रकाने आखा. नमुना देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, ते त्या वस्तूला काय म्हणतात आणि तिच्याबद्दल काय सांगतात. नाव छापायचं का, हे त्यांनाच विचारा. नको म्हणाले तर छापू नका, पण विचारल्याची नोंद ठेवा. आभाराच्या पानावर 'सर्व शेतकरी बांधवांचे' असं लिहून सुटका करून घेऊ नका.

काकांना मी नंतर दादाजींबद्दल सांगितलं. त्यांनी पोत्याकडे बघितलं, मग म्हणाले, "आणि आम्ही इतकी वर्षं घड्याळच समजत होतो." पाटी अजून तीच आहे. दुकानापुरती ती चालेल. तुमच्या प्रबंधात मात्र चालणार नाही.

पुढच्या लेखात फील्डवरच्या संमतीपत्राबद्दल बोलू. ते मराठीत आणि समोरच्याला कळेल असं कसं लिहायचं ते. काही अडलं तर जरूर विचारा.