शहराचा शिक्का

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक बॅनर लागलाय. 'आमच्या शहराला महानगरपालिकेचा दर्जा मिळालाच पाहिजे.' खाली पंधरा फोटो. त्यातली चार पोरं आपली. रात्रपाळी सुटून येताना गाठलं त्यांना. म्हटलं, बाबांनो, दर्जा मिळाला तर आपल्याला काय मिळंल? एकजण म्हणाला, "दादा, बाबासाहेबांनीच सांगितलंय ना, खेडं सोडा, शहर धरा. मग गावच शहर झालं तर आपण न चालता शहरात!"

हसलो. पण पोरगं अगदीच चुकीचं बोललं नव्हतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला होता. खेडं म्हणजे काय हे आपल्या बापजाद्यांच्या पाठीला ठाऊक. शहरात निदान गर्दीत माणूस हरवतो, जात काही वेळ खिशात राहते. मात्र शहर वेगळं आणि शहराचा शिक्का वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिच्यावर कुणाचे तरी फोटो छापले जातात.

आपण कापडवाले, तर कापडाच्याच गावापासून सुरू करू. मँचेस्टर. कुठंही चार माग जास्त दिसले की त्या गावाला 'इथलं मँचेस्टर' म्हणायची आपल्याकडं खोड आहे. आता खऱ्या मँचेस्टरचं ऐका. हजारो कामगार, शेकडो धुराडी, आणि कारभार मात्र जहागिरीच्या जुन्या पद्धतीनं. मोस्ले नावाच्या घराण्याचा तिथं जमीनदारी हक्क होता. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मताचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर तिथं घोडदळ घातलं, माणसं तुडवून, कापून मारली. पार्लमेंटात या गावाला खासदार मिळाले १८३२ ला. नगरपालिका मिळाली १८३८ ला. मोस्लेंचा हक्क पालिकेनं १८४६ ला दोन लाख पौंड मोजून विकत घेतला. म्हणजे लोकांच्या गावाची किंमत लोकांनीच भरली!

शहर हा किताब आला १८५३ ला, राणीच्या सहीनं. त्याच्या आधी १८४७ ला बिशप आला होता, कारण इंग्लंडात बिशपाचं मोठं चर्च असलं की गाव शहर, अशी रीत होती. देव आधी, मग दर्जा. आपल्याला नवं नाही हे.

आता हिशेब मांडा. १८४२ ला चॅडविक यांच्या सरकारी अहवालात एक आकडा आला. मँचेस्टरच्या कामगार घरांत मरणाचं सरासरी वय १७ वर्षं. रटलंड नावाच्या खेडवळ परगण्यातल्या मजुराचं ३८. पोरं पाळण्यात मरत होती, म्हणून सरासरी अशी तळाला गेलेली. त्यावर इलाज काय झाला? डोंगरात धरणं बांधून पाणी आणायचं काम १८४८ ला निघालं. ते पालिकेनं काढलं, किताबाच्या पाच वर्षं आधी. किताबानं एक नळ वाढला नाही, एक अधिकार वाढला नाही. १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या. तेव्हा शहर झालेल्या मँचेस्टरचा कामगार धर्मादाय सूपाच्या रांगेत उभा होता. तिकडं आपल्या मुंबईत कापसाचे दलाल सोन्यानं न्हात होते, ती कथा वेगळी.

किताबाची खरी किंमत रॉचेस्टरनं दाखवली. शेकडो वर्षांचं शहर. १९९८ ला पालिकांची उलथापालथ झाली, एक कागद करायचा राहून गेला आणि शहरपण गेलं. कुणाच्या लक्षात आलं कधी? २००२ ला! चार वर्षं गाव शहर नव्हतं आणि कुणाच्या घरची चूल विझली नाही.

पण थांबा. आपल्याकडचा दर्जा म्हणजे नुसता किताब नव्हे. नगरपरिषदेची महानगरपालिका झाली की कायदा बदलतो, आयुक्त येतो, घरपट्टी बदलते, हद्द बदलते. म्हणजे इथं सत्ता येते. मग प्रश्न असा की ती येते कुणाच्या हातात? याचं उत्तर इंग्लंडात शोधायची गरज नाही. महाडात आहे.

आपण २० मार्च दरवर्षी साजरा करतो, पण त्यातली नगरपालिका विसरतो. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाचे पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. १९२४ ला महाडच्या पालिकेनं ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. सुरेंद्रनाथ टिपणीस त्या पालिकेतला सुधारक माणूस, आपल्या बाजूचा. कागद झाला, शिक्का बसला. आणि तीन वर्षं कुणी पाण्याला हात लावू शकलं नाही. पालिका होती, ठराव होता, तळं होतं. नव्हती ती फक्त हिंमत घेऊन जाणारी माणसं. ती १९२७ ला गेली, बाबासाहेबांच्या मागं. पाणी प्यायले, परतताना डोकी फुटली. गाववाल्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. गाईचं मूत चालतं, माणसाचा हात नाही.

आणि पालिका? ऑगस्ट १९२७ मध्ये तिनं तोच ठराव मागं घेतला. हे पोरांनी नीट ध्यानात घ्यावं. शिक्का मारणारा हात शिक्का पुसतोही.

पण मला दुसरी बाजूही दिसते, ती दडवली तर लबाडी होईल. सनातन्यांनी डिसेंबरात दावा लावला, तळं खाजगी आहे म्हणून. कोर्टाची मनाई आली, म्हणून २५ डिसेंबरला लोक तळ्यावर गेले नाहीत, मनुस्मृती जाळली. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. का लागला? तळं कुणाच्या बापाचं नव्हतं, पालिकेचं होतं. आणि अस्पृश्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती हा रिवाज त्यांना सिद्ध करता आला नाही. तळं पालिकेचं नसतं, खोताचं असतं, तर? म्हणून मी पालिकेला नुसत्या शिव्या देत नाही. तिचा कागद कामाला आला, पण आपण पाण्यात हात घातल्यावर.

शहरात गेलं म्हणून सुटलो असंही नाही. मुंबईएवढा दर्जा कुणाचा? तिथल्या गिरण्यांत मागखात्यात आपल्याला घेत नव्हते. धाग्याला तोंड लावावं लागायचं, ते इतरांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. वर्ग-वर्ग ओरडणारे पुढारी तोवर त्यावर गप्प होते.

आताचं उदाहरण हवं? इचलकरंजी. मागांचं गाव. महानगरपालिका झाली २०२२ ला. पहिली निवडणूक २०२६ च्या जानेवारीत. मधली साडेतीन वर्षं लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीनं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं आपल्याला पालिकेत राखीव जागा दिल्या, पण निवडणूकच नाही तर जागा बसवायची कुठं?

परवा परत त्या चार पोरांजवळ बसलो. हे सगळं सांगितलं. बॅनर काढा म्हणालो नाही. एवढंच विचारलं की नवी हद्द कुठून जाणार, आपली वस्ती एका प्रभागात राहणार की तीन तुकडे करून तीन प्रभागांत वाटणार? झाडूवाल्या बायका कायम होणार की ठेकेदाराकडं जाणार? कुणालाच माहीत नव्हतं. फोटो छापणाऱ्यालाही नव्हतं. सोमवारी पोरं नगरपालिकेत नकाशा मागायला जाणार आहेत, लेखी अर्ज घेऊन. माझी दुसरी पाळी आहे, सकाळी मोकळा आहे. मीही जातोय.