टेकडीपलीकडचे थायमिन

मी मराठी माध्यमातली बी.ए. रसायनशास्त्राशी संबंध फोडणीपुरताच. तरी देवनारच्या शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. १९७८ च्या सुमारास असाच सजीवांच्या उत्पत्तीचा धडा वाट्याला आला. रशियाचे ओपॅरिन, इंग्लंडचे हाल्डेन आणि अमेरिकेचा स्टॅन्ले मिलर. मिलरने १९५३ साली बंद काचपात्रात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ भरून विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याभरात त्या पाण्यात अमिनो आम्ले तयार झाली, म्हणजे ज्यांपासून प्रथिने बनतात ती. मुलं खूश! मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, आपल्याकडे केलंय का असं कुणी?"

मी ठणकावलं, "असले शोध तिकडेच लागतात. तू आधी शुद्धलेखन सुधार."

परवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या नातीला हे कौतुकाने सांगत होते. तिने एक जुना शोधनिबंध काढून दाखवला. साल १९७७. लेखक चौगुले, सुब्बरामन, काझी आणि चढ्ढा. पत्ता: भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे. अहो, म्हणजे आमच्या टेकडीच्या पलीकडेच!

नातीने समजावलं ते असं. आरएनएमध्ये युरॅसिल असतं, डीएनएमध्ये त्याच्या जागी थायमिन. दोघांत फरक एका मिथिल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. एवढं ठिगळ लावायला आपल्या पेशींना विकर लागतं. जीवच नव्हते तेव्हा ते कुणी लावलं? या मंडळींनी युरॅसिल, फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल (मुंग्यांमध्ये असतं तेच) पाण्यात एकत्र तापवलं आणि थायमिन मिळालं. विकराशिवाय. चढ्ढांनी तर त्याआधी श्रीलंकेत जन्मलेल्या सिरिल पोन्नम्पेरुमांबरोबर गुरू ग्रहासारख्या वातावरणावर प्रयोग केले होते. ते १९७१ साली छापून आले.

यातून जीव तयार झाला असं कुणी म्हणत नाही. मुळात युरॅसिल कुठून आलं, हा प्रश्न वेगळाच. आदिम हवेत मिलरने धरला तेवढा मिथेन नसावा, असंही आता अनेक शास्त्रज्ञ मानतात. असो.

त्या मुलाचा चेहरा आठवतो, पत्ता नाही. आमच्या शाळेचं जुनं कुणी हे वाचत असेल तर त्याला एवढं कळवा, की बाईंचं उत्तर चुकलं होतं.